लिनक्स संगणकावरून पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे कसा सोडवावा?



भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे घरोघर भुलाबाई मांडतात व मुली सायंकाळी तिची गाणी म्हणतात, हे तुम्हांस सांगावयास नको. गेल्या वर्षी आपल्या नववीच्या वर्गाने अशी गाणी आणि जात्यावरील ओव्या आपापल्या आज्यांकडून म्हणवून घेऊन मोबाइलवर ध्वनिचित्रित करण्याचा उपक्रम हाती घेतला. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि २०२३ साली त्यातून सौंसर-पांढुर्ण्याचा नवा जिल्हा झाला. या उलथापालथीत घरात मराठी टिकली ती आयाबायांच्या तोंडी. त्यांच्या कंठातील पुष्कळसे कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. म्हणून या उपक्रमाचे आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटले.

चौदा ध्वनिचित्रे जमली. ती शाळेच्या संगणकावर एकत्र केली गेली आणि स्नेहसंमेलनासाठी एका पेन ड्राइव्हवर हलविण्याचे काम एका होतकरू विद्यार्थ्याकडे आले. त्याने ती ‘कट’ करून पेन ड्राइव्हवर ‘पेस्ट’ केली. पडद्यावरील प्रगती दाखविणारी खिडकी भराभर पुढे सरकली व मिटली. त्याने संगणक आवरला, वही उचलली, आणि मिनिटभराने घंटा होताच पेन ड्राइव्ह उपसून तो वर्गात गेला. सायंकाळी घरी पाहतो तो चौदांपैकी नऊ ध्वनिचित्रे उघडली. उरलेल्या पाचांची नावे दिसत होती, पण आत काही नव्हते. शाळेच्या संगणकावरून तर ती केव्हाच पुसली गेली होती.

तिघांच्या मोबाइलवर मूळ प्रती सापडल्या. एका आजीबाईंनी हसत हसत पुन्हा ओव्या म्हटल्या. पाचव्या आजीबाईंनी मात्र मध्यंतरी आजाराने अंथरूण धरले होते. त्यांच्या गळ्यात गाण्याजोगा आवाज उरला नव्हता. त्यांची भुलाबाईची गाणी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी रडवेल्या चेहऱ्याने म्हणाला, “सर, खिडकी तर मिटली होती. काम झाले असे संगणकानेच सांगितले. मग फाइली गेल्या कोठे?” प्रश्न अगदी रास्त होता. त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

१. साधनांची ओळख

पेन ड्राइव्ह ज्या खाचेत आपण बसवितो तिला यूएसबी म्हणतात. पूर्वी संगणकाला कळफलक, छपाईयंत्र, माऊस जोडावयाचे म्हणजे प्रत्येकाची खाच निराळी असे. ही कटकट मिटविण्यासाठी १९९४ साली सात कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या कामात इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्याचा मोठा वाटा होता ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर होत. सयाजीराव गायकवाडांच्या नावाचे हे विद्यापीठ आपणां मराठी जनांस परके नाही.

पेन ड्राइव्हच्या पोटात जी स्मृती असते ती ‘फ्लॅश’ जातीची. तोशिबा कंपनीतील जपानी शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी ती शोधून काढली व १९८४ साली जगापुढे मांडली. वीज बंद झाली तरी तिच्यातील मजकूर राहतो, हा तिचा गुण. तिच्या आधारे बनविलेले पेन ड्राइव्ह २००० सालापासून बाजारात येऊ लागले. त्यांतील एका आरंभीच्या ड्राइव्हवर अवघे ८ मेगाबाइट मावत. आजच्या हिशेबाने एवढ्यात आपल्या भुलाबाईचे एक गाणेही मावले नसते!

लिनक्स ही संगणक चालविणारी कार्यप्रणाली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या या खटाटोपाची वार्ता प्रथम जाहीर केली. ती मोफत मिळते, तिची आतील रचना कोणासही पाहता व सुधारता येते, म्हणून जगभर तिचा प्रसार झाला. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेनेही लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली २००७ साली प्रसृत केली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

२. कच्ची चिठ्ठी आणि पक्की खतावणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाजाराच्या दिवशी एखाद्या गजबजलेल्या किराणा दुकानात उभे राहून पाहा. गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असता दुकानदार प्रत्येक व्यवहार लगोलग कीर्द-खतावणीत सुवाच्य अक्षरात मांडीत बसत नाही. तो हाताशी असलेल्या कच्च्या चिठ्ठीवर आकडा टिपतो, “झाले, चला!” म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. गर्दी ओसरली म्हणजे त्या चिठ्ठ्या पाहून तो पक्की नोंद करतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काम ‘झाले’. खतावणीच्या दृष्टीने ते अजून व्हावयाचे असते. मधल्या वेळात वाऱ्याने चिठ्ठी उडाली तर?

संगणक नेमके हेच करतो. त्याची धावती स्मृती, म्हणजे रॅम, अत्यंत चपळ. सेकंदाला हजारो मेगाबाइट मजकूर ती सहज झेलते. सामान्य प्रतीचा पेन ड्राइव्ह मात्र लिहिताना सेकंदाला पाच-दहा मेगाबाइटांपलीकडे जात नाही. दोघांच्या चालीत एवढे अंतर असल्यामुळे लिनक्स आलेला मजकूर प्रथम रॅममध्ये टिपून घेते, वापरणाऱ्यास “झाले” म्हणून मोकळे करते, आणि मागाहून तो सवडीने पेन ड्राइव्हवर उतरविते. रॅममध्ये टिपलेल्या पण अद्याप पक्क्या न झालेल्या या मजकुरास संगणकाच्या परिभाषेत ‘डर्टी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘मळका’. आपण त्यास ‘कच्चा’ म्हणू.

हे काम करण्यास लिनक्सच्या गाभ्यात जणू एक कारकून नेमलेला असतो. सर्वसाधारण योजनेनुसार तो दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून अधिक काळ पडून राहिलेला कच्चा मजकूर पक्का करावयास घेतो. कच्च्या चिठ्ठ्यांचा ढीग मोकळ्या स्मृतीच्या सुमारे एकदशांशावर गेला तर तो वयाची वाट न पाहता कामास लागतो; आणि ढीग एकपंचमांशापर्यंत चढला तर नवा मजकूर आणणाऱ्यासच थोपवून धरतो. पेन ड्राइव्हवर फॅट नावाची जुनी मांडणी असेल तर तो बहुधा थोडा आधीच हात घालतो. पण आधी सुरुवात केली म्हणून लिहिण्याचा वेग वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण रीत खरी आहे. आपली चौदा ध्वनिचित्रे प्रत्येकी ४५ मेगाबाइटांची धरली तर एकूण मजकूर १४ × ४५ = ६३० मेगाबाइट. शाळेच्या संगणकाची रॅम ८ गिगाबाइट. एवढा मजकूर तिच्यात आरामात मावतो. संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवरून तो सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचला गेला, तर अवघ्या ६-७ सेकंदांत खिडकी मिटणार. पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला ७ मेगाबाइट धरला, तर पक्की नोंद पुरी व्हावयास ६३० ÷ ७ = ९० सेकंद, म्हणजे दीड मिनिट हवे. आपल्या मित्राने मिनिटभरात ड्राइव्ह उपसला. तोवर ७ × ६० = ४२० मेगाबाइट उतरले होते. नऊ फाइलींचे ४०५ मेगाबाइट होतात. म्हणजे नऊ फाइली पुऱ्या, दहावी अर्धवट आणि शेवटच्या चार कोऱ्या. पाच गमावल्या, त्याचा हिशेब असा लागतो. त्याने आणखी अर्धे मिनिट धीर धरला असता तर एकही गेली नसती.

‘कट’ करण्यातला धोका आता उघड होईल. फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या साधनावर हलविणे म्हणजे वस्तुतः दोन कामे: आधी नक्कल करणे, मग मूळ पुसणे. नक्कल रॅममध्ये टिपली जाताच ती झाली असे समजून संगणक मूळ प्रत पुसून टाकतो. म्हणजे काही क्षण असे येतात की मूळ प्रत गेलेली आहे, नवी प्रत उतरलेली नाही, आणि तुमचे सर्वस्व केवळ रॅमच्या भरवशावर आहे. यास्तव मोलाची फाइल कधीही हलवू नये. तिची नक्कल करावी, नक्कल उघडून पाहावी, आणि मगच वाटल्यास मूळ पुसावी.

३. पाटी पुसण्याचा नियम

येथे कोणी शंका काढील: अर्धवट राहिली ती फाइल जाईल हे समजले, पण कधी कधी पूर्वीपासून असलेल्या, हातही न लावलेल्या फाइली बिघडतात, त्या का?

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की पेन ड्राइव्हवर मजकुराखेरीज एक अनुक्रमणिका असते. कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत पसरली आहे याची ती नोंद होय. फॅट मांडणीचे नावच मुळी या नोंदीच्या तक्त्यावरून पडले आहे. हा तक्ता बदलत असता मध्येच हात खेचला तर नोंदी परस्परविरोधी होतात आणि चांगल्या फाइलीही हरवल्यागत होतात. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी आहेत, पण सूचीची पाने फाटली, असा तो प्रकार.

दुसरे कारण फ्लॅश स्मृतीच्या स्वभावात आहे. या स्मृतीत लिहिता येते लहान लहान पानांवर, परंतु पुसावयाचे झाले तर शेकडो पानांचा एक मोठा गठ्ठा एकदमच पुसावा लागतो. ज्या पाटीवरील एकच अक्षर पुसता येत नाही, पुसली तर सबंध पाटीच पुसावी लागते, अशा पाटीची कल्पना करा. तीवरील एक शब्द बदलावयाचा तर बाकीचा सारा मजकूर दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यावा लागेल. पेन ड्राइव्हमधील नियंत्रक ही उतरवाउतरव आपल्या नकळत सतत करीत असतो. ती चालू असता वीज तुटली तर शेजारचा जुना मजकूरही सापडतो.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. “चालू संगणकातून यूएसबी काढली तर यंत्र जळते” असे काहीजण म्हणतात. “काही होत नाही, मी रोज काढतो” असे दुसरे म्हणतात. विजेच्या दृष्टीने पाहिले तर चालू यंत्रात घालता-काढता यावी अशाच बेताने यूएसबीची रचना केलेली आहे. नेहमीच्या चपट्या यूएसबीच्या तोंडात चार पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन विजेच्या, आतल्या दोन माहितीच्या. विजेच्या पट्ट्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, जेणेकरून घालताना वीज आधी जोडली जावी व काढताना शेवटी तुटावी. तेव्हा यंत्राला भय नाही. भय आहे ते मजकुराला.

विंडोज कार्यप्रणालीवर काम करणाऱ्यांची सवय थोडी निराळी असते, हेही लक्षात घ्यावे. २०१८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून तेथे बाहेरील साधनांसाठी ‘त्वरित काढणे’ ही योजना मूळचीच ठेवलेली आहे. तिच्यामुळे कच्च्या चिठ्ठ्यांचा ढीग फारसा साचू दिला जात नाही. सायबर कॅफेत अशा संगणकावर लागलेली सवय विद्यार्थी लिनक्सवर घेऊन येतात आणि फसतात. लिहिणे चालू असता उपसले तर तेथेही नुकसान व्हावयाचेच.

४. ‘माउंट’ म्हणजे काय?

विंडोजमध्ये प्रत्येक साठवणीस सी, डी, ई अशी अक्षरे मिळतात. लिनक्सची रीत वेगळी. तेथे साऱ्या फाइलींचा मिळून एकच वृक्ष असतो. त्याच्या मुळाशी ‘रूट’, त्यातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या. नवा पेन ड्राइव्ह आला की तो या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसविला जातो. या बसविण्यास ‘माउंट करणे’ म्हणतात.

संत्र्याच्या मुलखातील मुलांना हे समजावून देणे सोपे आहे. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा धरला की खुंट आणि फांदी यांतून एकच रस वाहू लागतो. माउंट केलेला पेन ड्राइव्ह असाच संगणकाच्या वृक्षाचा भाग बनतो. फरक इतकाच की झाडावरील कलम कायमचे असते, आणि हे कलम काम होताच सोडवावयाचे असते. सोडविण्याच्या या क्रियेस ‘अनमाउंट’ म्हणतात. फांदी ओरबाडून काढली तर साल निघते. नीट सोडविली तर दोघांनाही इजा होत नाही.

अनमाउंट करताना संगणक क्रमाने पुढील गोष्टी करतो. प्रथम तो पाहतो की या ड्राइव्हवरील एखादी फाइल कोणी उघडून बसलेले नाही ना. मग रॅममधील सर्व कच्चा मजकूर ड्राइव्हवर उतरवितो. त्यानंतर अनुक्रमणिका पुरी करून ‘येथील व्यवहार नीट मिटला’ अशी खूण करतो. शेवटी तो ड्राइव्ह वृक्षापासून वेगळा करतो. ही खूण राहून गेली तर पुढच्या वेळी लिनक्स तक्रार नोंदविते की मागील खेपेस हे साधन नीट सोडविले गेले नव्हते, तपासणी करावी.

५. सोडविण्याचा विधी

(अ) पेन ड्राइव्हवरून उघडलेल्या सर्व फाइली जतन करून बंद कराव्यात. गाणे चालू असेल तर तेही थांबवावे.

(आ) फाइलींची खिडकी उघडावी. डाव्या बाजूस पेन ड्राइव्हच्या नावाशेजारी एक लहानशी खूण दिसते: आडवी रेघ आणि तिच्यावर त्रिकोण. तीवर टिचकी मारावी. अथवा नावावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘सुरक्षितपणे काढा’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा.

(इ) आता थांबावे. लिहिणे बाकी असेल तर तसा निरोप पडद्यावर येतो. ‘आता काढण्यास हरकत नाही’ असा निरोप येईपर्यंत, किंवा नाव यादीतून नाहीसे होईपर्यंत, ड्राइव्हला हात लावू नये.

(ई) ड्राइव्हवर दिवा असेल तर तो लुकलुकावयाचा थांबला आहे याची खातरी करावी. तथापि केवळ दिव्यावर विसंबू नये. कारकून ३० सेकंदांची वाट पाहत असेल तर दिवा शांत असूनही काम बाकी असू शकते.

(उ) ड्राइव्ह त्याच्या अंगाला धरून सरळ रेषेत काढावा. वर-खाली हलवून उपसू नये. त्याने खाच सैल होते.

बाहेरील हार्ड डिस्क असेल तर निरोप आल्यावरही काही सेकंद थांबावे, कारण तिच्या आत फिरणारी तबकडी थांबावयास वेळ लागतो. कॅमेऱ्याचे स्मृतिपत्र पत्रवाचकात घालून वापरीत असाल तर त्याला पेन ड्राइव्हचेच सर्व नियम लागू. केबलने जोडलेल्या अँड्रॉइड मोबाइलची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या फाइलींची अनुक्रमणिका मोबाइलच्याच ताब्यात राहते, संगणक केवळ त्याच्याकडे मागणी करतो. म्हणून तेथे मुख्य पथ्य एवढेच, की नक्कल चालू असता केबल ओढू नये.

६. “साधन व्यग्र आहे” असे उत्तर आल्यास

पुष्कळदा संगणक सोडावयास नकार देतो व साधन व्यग्र असल्याचे सांगतो. मुले चिडून ड्राइव्ह उपसतात. वास्तविक हा नकार आपल्या हिताचा असतो. खोलीत कोणी बसलेले असता बाहेरून कुलूप घालीत नाहीत, तद्वतच हे आहे. कोण बसले आहे ते शोधावे. बहुधा एखादा दस्तऐवज खिडक्यांच्या गर्दीत उघडा राहिलेला असतो; कधी गाणे वाजविणारा कार्यक्रम मागे चालू असतो; कधी आज्ञा टंकावयाची खिडकी पेन ड्राइव्हच्याच एखाद्या फोल्डरात उभी असते. ते बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही न जमल्यास संगणक रीतसर बंद करावा. बंद होताना तो सारा कच्चा मजकूर पक्का करतोच. पडदा काळा होऊन यंत्र पूर्ण थांबल्यावर ड्राइव्ह काढावा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी टंकित आज्ञांचाही थोडक्यात उल्लेख करतो. आज्ञा रोमन अक्षरांत द्यावयाच्या असतात. एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरे सलग टंकली की जोडलेल्या सर्व साठवणींची यादी आकारमानासह दिसते. आकारमानावरून आपला ड्राइव्ह ओळखावा. ‘सिंक’ ही आज्ञा रॅममधील कच्चा मजकूर लगेच उतरवावयास लावते व तो उतरेपर्यंत थांबते. ‘यूमाउंट’ ही आज्ञा साधन सोडविते. तिच्यापुढे साधनाचे नाव द्यावे लागते. तिच्या वर्णरचनेत ‘यू’ नंतरचे ‘एन’ अक्षर मुळातच नाही. लिनक्सची पूर्वज जी युनिक्स कार्यप्रणाली, तिच्यापासून हे आखूड रूप चालत आले आहे. आज्ञा सफळ झाली तर काहीही उत्तर येत नाही, हेही या परंपरेचे वैशिष्ट्य. नुसते ‘सिंक’ करून ड्राइव्ह काढणे पुरेसे नाही, कारण त्यानंतरही कोणी काही लिहू शकते आणि व्यवहार मिटल्याची खूण होत नाही. यूमाउंटचा एक ‘आळशी’ प्रकारही आहे. तो नाव तत्काळ काढून टाकतो पण लिहिणे पडद्याआड चालूच ठेवतो. घाईच्या वेळी मोह पाडणारा असला तरी ड्राइव्ह काढण्यासाठी तो कधीही वापरू नये.

७. चूक घडलीच तर

चुकून ड्राइव्ह उपसला गेला, किंवा नक्कल चालू असता वीज गेली, तर गोंधळून जाऊ नये. आपल्याकडे वीज जाण्याचा नेम नसतो, आणि बॅटरीचा आधार नसलेल्या संगणकाची वीज गेली तर परिणाम ड्राइव्ह उपसल्यासारखाच होतो. अशा वेळी पुढील पथ्ये पाळावीत.

त्या ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये. नवा मजकूर हरवलेल्या जुन्या मजकुराच्या जागेवर बसतो. जेथून फाइली पुसल्या गेल्या त्या संगणकावरही काम थांबवावे. आपल्या प्रसंगात त्या दिवशी दुपारभर वर्ग चालूच राहिले, आणि मूळ फाइली परत मिळण्याची जी काही आशा होती ती मावळली. दुसऱ्या एखाद्या संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास स्वच्छ नकार द्यावा. दुरुस्ती करण्यापूर्वी जे उघडते ते प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावे. लिनक्सवर अनुक्रमणिका तपासून दुरुस्त करणारे साधन असते, आणि ‘फोटोरेक’ यासारखी हरवलेल्या फाइली शोधणारी मोफत साधनेही आहेत. पण जे रॅममधून कधी ड्राइव्हवर उतरलेच नाही ते कोणतेही साधन परत आणू शकत नाही. हाती घेण्यापूर्वी शिक्षकांस विचारावे.

आणि सर्वांत मोठे पथ्य हे, की मोलाची वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नये. एक प्रत संगणकावर, दुसरी पेन ड्राइव्हवर, तिसरी एखाद्या नातलगाच्या घरी किंवा दूरच्या साठवणीत असावी. बियाणे शेतकरी एकाच कणगीत ठेवीत नाही.

८. स्वतः करून पाहा

या लेखातील मुख्य गोष्ट माझ्या शब्दावर विसंबून मानू नका, डोळ्यांनी पाहा. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘मेमइन्फो’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘डर्टी’ या शब्दापुढे कच्च्या मजकुराचे आणि ‘राइटबॅक’ या शब्दापुढे त्या क्षणी उतरविल्या जात असलेल्या मजकुराचे प्रमाण किलोबाइटमध्ये लिहिलेले असते. प्रथम तो आकडा टिपा. मग बिनमहत्त्वाची, पाच-सहाशे मेगाबाइटांची एक फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर नक्कल करा. खिडकी मिटताच ती फाइल बंद करून पुन्हा उघडा: ‘डर्टी’चा आकडा एकदम चढलेला दिसेल. दर दहा सेकंदांनी आकडा टिपून घ्या व त्याचा आलेख काढा. आकडा उतरत उतरत पहिल्याइतका व्हावयास किती वेळ लागला? फाइलीच्या आकारमानास त्या वेळाने भागा म्हणजे तुमच्या पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा खरा वेग निघेल. हा प्रयोग दोन निरनिराळ्या ड्राइव्हवर करून आपली निरीक्षणे विज्ञानाच्या वहीत मांडावीत.

तर, त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. फाइली कोठे गेल्या नाहीत. त्या कोठे पोचल्याच नव्हत्या. पत्र पेटीत पडले म्हणजे ते घरी पोचले असे होत नाही. खिडकी मिटली तेव्हा संगणकाने मजकूर घेतला होता, दिला नव्हता. त्याने ‘झाले’ म्हटले ते आपल्यापुरते. पेन ड्राइव्हच्या बाजूचे ‘झाले’ ऐकावयास आणखी दीड मिनिट थांबावयास हवे होते.

त्या मुलाला कोणी रागावले नाही, कारण जे त्याला कोणी शिकविलेच नव्हते त्याबद्दल रागावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. उरलेली तेरा ध्वनिचित्रे आज तीन ठिकाणी जपून ठेवलेली आहेत. तोच विद्यार्थी आता संगणककक्षात इतरांना सोडविण्याचा विधी दाखवितो, आणि निरोप येईपर्यंत कोणाला ड्राइव्हला हात लावू देत नाही. यंदाच्या भुलाबाईला अधिक गाणी जमवावयाची असा वर्गाचा संकल्प आहे. गाणाऱ्या आज्या दरसाल थोड्या थोड्या कमी होत आहेत. त्यांनी दिलेले नीट उतरेपर्यंत दीड मिनिट थांबणे आपणांस कठीण जाऊ नये.